पाय चपळ, माणूस बसलेला

होमर या ग्रीक कवीच्या इलियड या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात, ४८८व्या ओळीपाशी, एक गमतीची जागा आहे. ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा अकिलीस रुसून बाजूला झालाय. लढाईला जात नाही, सभेलाही जात नाही. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आपल्या जहाजांपाशी नुसता बसून आहे. आणि कवी सांगतो, वेगवान जहाजांपाशी बसून चपळ पायांचा अकिलीस धुमसत होता. जहाजं वाळूवर, माणूस जमिनीवर, दोघंही जागचे हललेले नाहीत. तरी जहाजं ‘वेगवान’ आणि पाय ‘चपळ’.

कॉलेजात असताना मी इलियड पहिल्यांदा वाचलं ते इंग्रजी गद्य अनुवादात. असली जागा दिसली की समासात पेन्सिलीने उद्गारचिन्ह काढायचो. पहाट झाली की तिची बोटं दरवेळी गुलाबी. समुद्र दरवेळी मद्याच्या रंगाचा. होमरचंच दुसरं काव्य ओडिसी, त्याच्या सुरुवातीला एजिस्थस नावाच्या माणसाचा उल्लेख येतो. त्याने दुसऱ्याची बायको पळवली, नवऱ्याचा खून केला, आणि कवी त्याला म्हणतो ‘निष्कलंक’! रोमन कवी होरेसने म्हणूनच ठेवलंय की होमरसारख्यालाही कधीमधी डुलकी लागते. मला ते पटलं होतं. बऱ्याच वर्षांनी कळलं की डुलकी माझीच होती. ऐकायची गोष्ट मी वाचत बसलो होतो.

ग्रीक महाकाव्यांकडे जायला हा दरवाजा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. ही विशेषणं पुन्हा पुन्हा का येतात हे एकदा उमगलं, की ही काव्यं कशी तयार झाली ते कळतं, आणि त्यातले वीर मरायला का तयार होतात तेही कळतं. दोन्हींचं उत्तर एकाच शब्दात आहे. त्या शब्दाकडे येतोच.

आधी थोडी जुजबी माहिती. होमरच्या नावावर दोन काव्यं आहेत. इलियडच्या सुमारे १५,७०० ओळी, ओडिसीच्या सुमारे १२,१००. दोन्हींचे प्रत्येकी २४ सर्ग. आज आपल्याकडे आहेत साधारण त्या रूपात ती इसवी सनपूर्व आठव्या-सातव्या शतकाच्या आसपास आली असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रीकांनी फिनिशियन लोकांकडून लिपी घेतली तीही याच सुमाराची.

आणि इलियडमध्ये काय नाही तेही सांगून टाकतो, कारण पहिल्यांदा वाचणाऱ्याचा इथे हमखास विरस होतो. ग्रीकांनी दहा वर्षं लढून शेवटी ज्याच्या युक्तीने ट्रॉय नगर घेतलं तो लाकडी घोडा त्यात नाही. ट्रॉय पडत नाही. अकिलीस मरत नाही. त्याची ती प्रसिद्ध टाच, अंगावरची एकमेव दुबळी जागा, ती तर होमरमध्ये कुठेच नाही. आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा आपल्याला दिसते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या लॅटिन कवीकडे. दहा वर्षांच्या युद्धातले शेवटच्या वर्षातले पन्नासेक दिवस, एवढाच इलियडचा ऐवज. विषय कवी पहिल्याच शब्दात सांगतो: ‘मेनिन’, म्हणजे क्रोध. हा शब्द होमर एरवी बहुतेक देवांच्या कोपासाठी राखून ठेवतो. इथे तो एका माणसाला लावलाय, आणि ऐकणाऱ्या ग्रीकाच्या कानाला ते पहिल्याच क्षणी खटकलं असणार.

आता छंद. इथे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा सोपं जातं, कारण आपण शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेलं असतं. इंग्रजी छंद आघातांवर चालतो. ग्रीक छंद आपल्यासारखाच लघु-गुरूवर चालतो. होमरच्या छंदाला हेक्झामीटर म्हणतात. एका ओळीत सहा गण. प्रत्येक गण एकतर आपला भगण, म्हणजे गुरू-लघु-लघु, नाहीतर दोन गुरू. कसंही मोजा, गणाच्या मात्रा चारच. शेवटच्या गणात दोनच अक्षरं असतात आणि अखेरचं अक्षर गुरू धरायचं. म्हणजे ओळ चोवीस मात्रांची. इलियडची पहिली ओळ अशी:

मे नि न | एइ दे थे | आ पे | ले इ अ | देओ अ खि | ले ओस

ग्रीकमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. इथे दुसऱ्या गणातले ‘दे थे’ ऱ्हस्व आहेत. भगण, भगण, दोन गुरू आणि पुन्हा भगण, भगण, दोन गुरू. टाळी देऊन म्हणून बघा. अर्थ: ‘क्रोध गा, हे देवी, पेलेउसपुत्र अकिलीसचा’.

आता या चोवीस मात्रांत अकिलीसला बसवायचंय. ग्रीक कवीला त्याचं नाव ओळीच्या शेवटी घ्यायला आवडतं. समजा ओळीचा पहिला भाग म्हणून झाला आणि आठ मात्रा उरल्या. मग तो म्हणतो ‘दिओस अखिल्लेउस’, दिव्य अकिलीस. (हा ‘दिओस’ आपल्या ‘दिव्य’चा सख्खा भाऊ.) मात्रा आठच उरल्यात पण जोडायला शब्द स्वराने सुरू होणारा हवा असेल, तर ‘ओकुस अखिल्लेउस’, चपळ अकिलीस. दहा मात्रा उरल्या तर ‘पोदास ओकुस अखिल्लेउस’, पायांनी चपळ अकिलीस. तेरा उरल्या तर ‘पोदार्केस दिओस अखिल्लेउस’. अमुक जागेला अमुकच तुकडा. प्रत्येक वीराचा, प्रत्येक देवाचा, जहाजांचा, समुद्राचा असा मापाचा संच कवीच्या जिभेवर तयार असतो.

आपल्याला हे नवं नाही. महाभारतातला अर्जुन कधी पार्थ असतो, कधी धनंजय, कधी सव्यसाची, आणि अनेकदा ते ठरवतो तो श्लोकातला उरलेला कोपरा. अभंगात कुठे विठू येतो, कुठे पांडुरंग, कुठे पंढरीनाथ. तिथे आपण कवीला विचारत नाही की या ओळीत पंढरीचं काय काम.

ही गोष्ट आकडेवारीनिशी सिद्ध केली ती मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने, १९२८ साली पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात. त्याचं म्हणणं असं: हा साच्यांचा संच इतका बारीक आणि इतका काटकसरीचा आहे, एका मापाला बहुधा एकच तुकडा, की तो कुणा एका कवीने आयुष्यभरात बनवणं शक्य नाही. ही पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई आहे. आणि तिची गरज कुणाला पडेल? ज्याला थांबून विचार करायला वेळ नाही त्याला. म्हणजे समोर माणसं बसलीयेत आणि जो गाता गाता ओळ रचतोय त्याला.

पॅरीचं मोठेपण असं की तो ग्रंथालयात थांबला नाही. १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियात जाऊन आला. तिथे अजूनही गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर तासन्‌तास वीरकथा गाणारे लोक होते. त्याने अॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर त्यांचं गाणं उतरवून घेतलं. सोबत आल्बर्ट लॉर्ड हा त्याचा तरुण मदतनीस. बिएलो पोल्ये या गावाकडे त्यांना आव्दो मेजेदोविच भेटला. धंद्याने खाटीक, लिहितावाचता येत नव्हतं. त्याने अनेक दिवस तोंडी सांगून एक काव्य लिहवून घेतलं, १२,३११ ओळींचं. ओडिसीएवढं!

त्यांनी आव्दोची एक परीक्षाही घेतली. त्याने पूर्वी कधी न ऐकलेलं गाणं दुसऱ्या गायकाकडून त्याच्यासमोर गाऊन घेतलं, सुमारे २,३०० ओळींचं. मग विचारलं, तुला येईल का हे? आव्दोने ते गायलं, सहा हजारांवर ओळींत. कथा तीच, पण आता घोड्याचा साज आहे, माणसाच्या मनातली घालमेल आहे. पाठांतराचा हा प्रकारच नव्हे. यातले काही गायक छातीठोकपणे सांगायचे की मी गाणं शब्दन्‌शब्द तेच गातो, आणि तबकडी सांगायची की दोन वेळच्या ओळी वेगळ्या आहेत. दोघंही खरं बोलत होते. त्यांच्या लेखी ‘शब्द’ म्हणजे आपण छापतो तो शब्द नव्हताच. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकल्यात त्यांना हे लगेच कळेल. ओवी तीच असायची आणि दरवेळी थोडी निराळीही असायची.

पॅरी १९३५च्या डिसेंबरात, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, बंदुकीची गोळी लागून गेला. पुढचं काम लॉर्डने केलं.

यामुळे ‘होमर कोण?’ हा जुना वादही जरा बाजूला सरकला. एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडितांनी इलियडची चिरफाड करून हा तुकडा जुना, तो नंतरचा, असं ठरवायचा सपाटा लावला होता. दुसरी बाजू म्हणायची, एवढी सुसंगत रचना एकाच प्रतिभेची असणार. दोघांच्याही डोळ्यांसमोर टेबलाशी बसून लिहिणारा कवी होता. तोंडी परंपरेत प्रत्येक गायक जुनं वापरूनच नवं करतो, त्यामुळे ‘मूळ’ आणि ‘प्रक्षिप्त’ यांची रेघ हवी तिथे ओढता येत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर हाच पेच होता. युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी घडलेली पाठचिकित्सेची पद्धत त्यांनी हाताशी घेतली, पण शेकडो हस्तलिखितांत वाहत राहिलेल्या ग्रंथाला ती जशीच्या तशी लावता येत नाही हे जाणून. होमरच्या बाबतीत पाठ बराच लवकर स्थिरावला. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात इसवी सनपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकात झेनोडोटस आणि अॅरिस्टार्कस यांच्यासारखे पंडित ओळीओळीवर खुणा करत बसले होते. त्यांच्या टिपणांचा काही अंश व्हेनिसमधल्या दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखिताच्या समासांत टिकलाय.

साच्यांमुळे आणखी एक गोष्ट झाली. भाषेत जुनं गोठून राहिलं. इलियडच्या दहाव्या सर्गात ओडिसियस हा ग्रीक वीर रानडुकराचे सुळे शिवलेलं शिरस्त्राण घालतो. होमरच्या काळी तसलं शिरस्त्राण कुणी पाहिलेलंही नव्हतं. उत्खननांत ते सापडतं मायसिनीच्या काळातल्या कबरींमध्ये, कित्येक शतकं आधीच्या. त्याहून मौजेचं म्हणजे हरवलेला ‘व’. होमरच्या बोलीतून व हा उच्चार गळून गेला होता, पण काही ओळी मात्रांत अडखळतात, आणि तिथे व ठेवला की सुरळीत होतात. ‘एपोस’, म्हणजे शब्द, हा त्यातलाच एक. तो पूर्वी ‘वेपोस’ होता, आणि संस्कृतातला ‘वचस्’ हे त्याचंच भावंड. इंग्रजीतलं ‘एपिक’ या ‘एपोस’वरूनच आलंय. म्हणजे ‘एपिक’ या शब्दाच्या मुळाशी आपलं ‘वचन’च बसलेलं आहे.

आता तो शब्द, ज्याच्यासाठी एवढं सगळं सांगितलं: ‘क्लेओस’. भाषांतरात ‘कीर्ती’ म्हणतात. पण धातू आहे ऐकण्याचा. संस्कृतातलं ‘श्रवस्’ आणि हा ‘क्लेओस’ मुळात एकच शब्द. क्लेओस म्हणजे जे ऐकलं जातं ते. अफवा असली तरी क्लेओस, वीरगाथा असली तरी क्लेओस. दुसऱ्या सर्गात जहाजांची यादी सुरू करण्यापूर्वी कवी काव्यदेवींना विनवतो: तुम्ही तिथे होता, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, आमच्या कानावर फक्त क्लेओस येतो, आम्हाला माहीत काहीच नाही.

नवव्या सर्गात अकिलीस म्हणतो, माझ्यापुढे दोन वाटा आहेत असं आईने सांगितलंय. इथे राहून लढलो तर घरी परतणं संपलं, पण ‘क्लेओस अफ्थितोन’ मिळेल. घरी गेलो तर तो क्लेओस जाईल, आयुष्य मात्र लांब मिळेल. ‘अफ्थितोन’ म्हणजे न क्षीण होणारं, अक्षय. आडाल्बर्ट कून या जर्मन अभ्यासकाने १८५३ साली दाखवून दिलं की ऋग्वेदात इंद्राकडे मागितलेलं ‘श्रवः... अक्षितम्’ (१.९.७) हे तेच दोन शब्द आहेत, दोन भाषांत. ग्रीक आणि वैदिक कवींचे पूर्वज एक भाषा बोलत होते तेव्हापासून हा शब्दबंध चालत आला असावा असा त्याचा तर्क. यावर वाद आहेत, पण दोन्हीकडचे धातू एकच, यात शंका नाही.

आता अकिलीसचा सौदा नीट बघा. तो आयुष्य देतोय आणि बदल्यात घेतोय ऐकलं जाणं. देवळात मूर्ती नको, राज्य नको. कुणीतरी गावं आणि कुणीतरी ऐकावं, बस. हे सौद्याचं कलम पाळायचं कुणी? गाणाऱ्याने. म्हणून गाणारा आणि वीर एकमेकांना बांधलेले आहेत. अकिलीसला मनवायला ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन याचे दूत येतात तेव्हा अकिलीस काय करत असतो ठाऊक आहे? वाद्य वाजवत गात असतो. काय गातो? ‘क्लेआ आन्द्रोन’, पुरुषांच्या गाथा. त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस समोर गप्प बसून त्याचं कधी संपतंय याची वाट बघतोय. आणि कवी जाता जाता सांगतो की ते वाद्य अकिलीसने एइटिऑनचं नगर लुटलं तेव्हा लुटीतून उचललेलं होतं. एइटिऑन म्हणजे ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या बायकोचा, अँड्रोमाकीचा बाप. त्याला आणि तिच्या सातही भावांना अकिलीसनेच मारलंय. म्हणजे गाणं कशावर वाजतंय, हेही कवीने न ओरडता सांगून ठेवलंय.

मग हा एवढा मोठा माणूस रुसून का बसला? शाळेत मला ही भानगड पोरकट वाटायची: आगामेम्नॉनने बंदिवान मुलगी नेली म्हणून हा लढाई सोडतो. यातली मेख दुसऱ्या एका शब्दात आहे, ‘तिमे’. मान. पण हा मान मनात नसतो, तो दिसावा लागतो: लुटीतला वाटा, मेजवानीत मांसाचा चांगला तुकडा, सभेत बोलायचा क्रम. वाटा सैन्याने मिळून दिलेला असतो. तो राजाने एकट्याच्या हिमतीवर काढून घेतला तर सगळ्यांदेखत सांगितल्यासारखं झालं की तू कुणी नाहीस. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत मान राखला नाही म्हणून भावकीत तीन पिढ्या बोलणं बंद असल्याच्या गोष्टी सगळ्यांनीच ऐकल्यात. तिथेही प्रश्न नारळाच्या किमतीचा नसतो.

त्या ‘वाट्या’चं नाव ब्रिसेइस. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण कितीतरी सारांशांत ती फक्त ‘बक्षीस’ म्हणून येते. काव्यात ती एकदाच बोलते, एकोणिसाव्या सर्गात, पॅट्रोक्लसच्या प्रेतावर पडून. माझा नवरा आणि तीन भाऊ डोळ्यांदेखत मेले, तेव्हा तू मला रडू दिलं नाहीस, म्हणालास अकिलीसशी तुझं लग्न लावून देईन. तू नेहमी मायेने वागलास. आणि मग कवी एक वाक्य टाकतो: बाकीच्या बायाही रडल्या, निमित्त पॅट्रोक्लसचं, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. अडीच हजारांवर वर्षांपूर्वीचं हे वाक्य मी कुठल्याही मयताला गेलो की आठवतं.

पॅरीचं ऐकून काही लोकांनी उलट टोक गाठलं: साचे म्हणजे भरणा, त्यात अर्थ शोधू नये. तेही खरं नाही. सहावा सर्ग काढा. हेक्टर लढाईतून थोडा वेळ नगरात आलाय. वेशीपाशी अँड्रोमाकी भेटते, दाईच्या कडेवर त्यांचं तान्हं पोर. ती म्हणते, मला बाप तूच, आई तूच, भाऊ तूच आणि नवराही तूच, नको जाऊस. त्यावर उत्तर देतो तो ‘चकाकत्या शिरस्त्राणाचा थोर हेक्टर’. हा त्याचा नेहमीचा साचा, काव्यात कितीतरी वेळा येऊन गेलेला. ऐकणाऱ्याचं लक्षही जात नाही. मग हेक्टर पोराकडे हात पुढे करतो, आणि पोर किंचाळून दाईच्या कुशीत शिरतं. कशाला घाबरलं? त्या शिरस्त्राणाला. धातूची चमक, वर हलणारा घोड्याच्या केसांचा तुरा. आई-बाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, ते तिथे चकाकत राहतं. मग पोराला घेतो, मुका घेतो, हातांत झुलवतो.

शेकडो ओळी जे विशेषण नुसतं ओळ भरत होतं, ते पोराने खरं मानलं. बापाचं बिरुद पोराला भीतीचं वाटलं, आणि बापाला बाप व्हायचं तर ते उतरवून ठेवावं लागलं. परत जाताना तो ते डोक्यावर चढवतो. अँड्रोमाकी मागे वळून वळून बघत घरी जाते, आणि घरातल्या बायका हेक्टर जिवंत असतानाच त्याच्यासाठी शोक करू लागतात.

ओडिसीत हाच खेळ दुसऱ्या बाजूने आहे. परक्या राजाच्या दरबारात, कुणालाही ओळख न देता बसलेला ओडिसियस तिथल्या आंधळ्या गायकाला, डेमोडोकसला, सांगतो: लाकडी घोड्याचं गाणं म्हण. तो डाव ओडिसियसचाच, ती कीर्तीही त्याचीच. गाणं सुरू होतं आणि हा रडायला लागतो. कसा? कवीची उपमा अशी: नगर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर पडून आक्रोश करणाऱ्या बाईसारखा, जिला मागून भाल्यांनी ढोसत गुलामीत नेलं जातंय. ट्रॉय जिंकणारा माणूस ट्रॉयच्या बाईसारखा रडतो, आपलंच क्लेओस ऐकून. आणि अकराव्या सर्गात पाताळात त्याला अकिलीस भेटतो, ज्याने सौदा पुरा केला. ओडिसियस म्हणतो, तू तर इथेही मेलेल्यांचा राजा आहेस. अकिलीस उत्तर देतो: मला मरणाचं कौतुक सांगू नकोस. मेलेल्या सगळ्यांवर राज्य करण्यापेक्षा मी वर जाऊन एखाद्या भूमिहीनाच्या घरी मजुरीला राहीन.

ट्रॉय खरंच होतं का, हे लोक सगळ्यात आधी विचारतात, म्हणून दोन वाक्यं. आजच्या तुर्कस्तानात हिसार्लिक या टेकडीखाली एकावर एक वसलेल्या नगरांचे थर आहेत, आणि श्लीमान या जर्मन उत्खननकर्त्याने १८७३ साली ‘प्रायमचा खजिना’ म्हणून जो बाहेर काढला तो त्या युद्धाच्या मानलेल्या काळाच्याही हजारेक वर्षं आधीच्या थरातला निघाला. घाईघाईत त्याने नंतरचे थर बरेच खणून टाकले होते.

वाचायला कुठून लागायचं? मी सांगेन की पद्यातला अनुवाद घ्या, गद्य नको, आणि मोठ्याने वाचा. घरचे विचित्र नजरेने बघतील, बघू देत. दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी पहिल्या खेपेला खुशाल सोडा. १, ६, ९, १६, २२ आणि २४ एवढे सर्ग सलग वाचले तरी कणा हाती लागतो. मधल्या लढायांत कोण कुणाला भाला कुठे मारतो याचं वर्णन अंगावर येईल, पण तिथेही मरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कवी नाव देतो, कुणाला बाप, कुणाला गाव, कुणाला नुकतीच लग्न झालेली बायको. दोन ओळींचं का होईना, क्लेओस.

आणि चोविसावा सर्ग रात्री निवांत वेळ असताना वाचा. पॅट्रोक्लस गेलाय. त्याला मारणाऱ्या हेक्टरला अकिलीसने मारलंय, रथाला बांधून फरफटवलंय, तरी शांत झालेला नाही. हेक्टरचा बाप, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, रात्री शत्रूच्या छावणीत येतो, आत जाऊन अकिलीसचे गुडघे धरतो आणि त्याच्या हातांचा मुका घेतो. कवी तिथे हातांचं वर्णन करायला थांबतो: भयंकर, माणसं मारणारे, ज्यांनी त्याची कितीतरी मुलं मारली ते हात. प्रायम म्हणतो, तुझा बाप आठव, माझ्याच वयाचा. मग दोघंही रडतात. एक हेक्टरसाठी, दुसरा कधी आपल्या बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. अकिलीस प्रेत धुवायला लावतो, स्वतःच्या हातांनी उचलून तिरडीवर ठेवतो. मग म्हणतो, जेवून घेऊ. मुलगा गेल्यापासून प्रायमच्या पोटात अन्न नाही. जेवतात, आणि एकमेकांकडे बघत राहतात. म्हाताऱ्याला वाटतं, केवढा देखणा आहे हा. शेवटी अकिलीस विचारतो, अंत्यसंस्काराला किती दिवस लागतील? तेवढे दिवस मी लढाई थांबवतो. प्रायम हिशेब सांगतो: नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्याला माती, बाराव्याला लढू, लढायचंच असेल तर.

इलियडची पहिली ओळ ‘अकिलीसचा’ या शब्दावर थांबली होती. शेवटी ट्रॉयचे लोक बैल आणि खेचरं जुंपतात, नऊ दिवस लाकडं वाहून आणतात, चिता रचतात, हाडं वेचून सोन्याच्या पेटीत ठेवतात, वर दगड रचतात, घाईघाईत, कारण चहूकडे पहारे आहेत. मग राजाच्या घरी जेवतात. शेवटची ओळ एवढीच: असे त्यांनी हेक्टरचे अंत्यसंस्कार केले. पण चोवीस मात्रा भरायच्या असतात. म्हणून काव्याचा अगदी शेवटचा शब्द येतो ‘हिप्पोदामोइओ’: घोडे वश करणाऱ्या हेक्टरचे.